मटारच्या दिवसांतल्या बदल्या

मटार आले. तसे ते नोव्हेंबरपासूनच येत असतात, लाजत लाजत, पाव-पाव किलोने, पण ते काही खरं येणं नव्हे. खरं येणं म्हणजे गोणीने येणं. काल सकाळी शिंदे की छावनीतल्या आमच्या घरासमोर एक ई-रिक्षा थांबली. मागच्या सीटवर मटारची गोणी ऐसपैस बसली होती, लग्नाला निघालेल्या आत्याबाईसारखी, आणि रिक्षावाला बिचारा पुढे अंग चोरून. मी गच्चीवरून हा सोहळा बघत होतो. अंगात राखाडी स्वेटर, बाह्या मनगटावर दुमडलेल्या. समोर किल्ला असायला हवा होता, पण कोहऱ्याने, म्हणजे इथल्या दाट धुक्याने, तो पहाटेच खिशात घातलेला.

"बघत काय राहिलात?" खालून विद्या, म्हणजे माझी बायको, ओरडली. "उतरवून घ्या की!"

उतरवून घेतली. गोणीच्या ओल्या तागाचा वास नाकात शिरला. हा वास आला की मी दर वर्षी जिन्याकडे तोंड करून हाक मारतो, "वहिनी, तुझी माणसं आली!" आणि वरून उत्तर येतं, "आधी त्यांना बसायला द्या, भावजी!" काल मी तोंड उघडलं, श्वासही घेतला. मग तोंड मिटलं आणि गोणी ओढत जिन्यापाशी नेली.

यंदा गणपती उठले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी गेली. पिकलेल्या वयाची नव्हती, पण आजारी होती, आणि सगळ्यांना दिसत होतं. तेराव्याला घर भरलं. मी नेहमीचा मी. वहिनीचे किस्से सांगितले, नकला केल्या, तिने एकदा आचाऱ्याला कसं पळवून लावलं ते उभं राहून करून दाखवलं. माणसं पोट धरून हसली. जाताना एकजण म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून या घरात जीव आहे." मी वाकून मुजरा केला. रात्री विद्या फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही अजून रडला नाहीत." मी म्हटलं, "होईल सवडीने." तिने दिवा मालवला.

तर हा लेख रडण्याबद्दल आहे. घाबरू नका, मध्ये मध्ये हसायला सोय केली आहे.

थंडीतली आमची गच्ची तुम्ही बघायला हवी होती. ऊन येतं तेच मुळी दहाच्या पुढे, नवीन सुनेसारखं पाय वाजू न देता. मग कठड्यांवर रजया पडतात, मध्ये सतरंजी, सतरंजीवर मटारचा ढीग आणि भोवती आम्ही. ऊन सरकतं तशी सतरंजी सरकते, सतरंजीबरोबर ढीग, परात, तीळगुळाच्या गजकचा डबा आणि माणसं सरकतात. दुपारी तीनपर्यंत आमचं सगळं बिऱ्हाड गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचलेलं असतं. शेंग दाबली की फट्‌ असा बारीक आवाज होतो, आणि दाणे परातीत पडताना पहिले चार वाजतात, मग वाजत नाहीत. अंगठ्याचं नख हिरवं होतं ते संक्रांतीपर्यंत हिरवंच राहतं.

या कामात घराचा एक नियम होता. जो वाचेल त्याला सोलणं माफ. एकाने मोठ्याने पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत सोलायचं. वाचायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या आवाजामुळे, असं मी सांगतो. विद्या सांगते की मी सोललेल्यातले निम्मे दाणे खायचो म्हणून मला परातीपासून दूर बसवण्यात आलं. दोन्ही खरं आहे.

ऐकायला आमच्या शेजारच्या मिश्राइन चाची असायच्या. त्यांना मराठी अर्धीच कळायची, पण त्या ऐकायच्या दीडपट, आणि रडायच्या भलत्याच ठिकाणी. एखाद्या प्रकरणात नायिकेने नुसती भाकरी थापली तरी चाचींच्या डोळ्यांना पदर. "काए चाची, यात रडण्यासारखं काय?" मी विचारायचो. "तुम पढ़ो लल्ला," त्या म्हणायच्या, "हम अपने हिसाब से रो लेंगे."

आता ती थंडी सांगतो. बरीच वर्षं झाली, मी तेव्हा चाळिशीत नुकता शिरलो होतो. त्या वर्षी आषाढात दादा गेला, माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. कचेरीच्या कामाला इंदूरला गेला होता, तिथे सकाळी उठलाच नाही. आम्ही त्याला घेऊन आलो तेव्हा पाऊस कोसळत होता. वहिनी दारात उभी होती. तिने दादाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रस्त्यात चहा झाला का तुमचा?"

ती रडली नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, दिवाळीलाही नाही. नात्यातल्या बायका हिला रडवायला म्हणून आल्या आणि स्वतः रडून, चहा पिऊन परत गेल्या. वहिनी दादाचा चष्मा रोज पुसून ठेवायची. त्याचं वर्तमानपत्र सकाळी टेबलावर ठेवायची आणि संध्याकाळी घडी न मोडता उचलायची. त्याच्यासाठी विणायला घेतलेला राखाडी स्वेटर, पाठ-पोट झालेलं, बाह्या व्हायच्या राहिलेल्या, सुयांसकट टोपलीत पडून होता. जेवायला बसायची आणि भात चिवडून उठायची. तिची मुलगी गौरी तेव्हा भोपाळला कॉलेजात होती. फोनवर ती मला विचारायची, "काका, आई कशी आहे? सच बताओ ना." मी म्हणायचो, "मजेत!" आणि एखादा विनोद सांगून फोन ठेवायचो. वहिनी हळूहळू विझत चालली होती, आणि घरात कुणी त्याचा उच्चार करत नव्हतं.

डिसेंबर आला, मटार आले. विद्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनींना गच्चीवर बसवते आहे. तुम्ही वाचनालयातून काहीतरी जाडजूड आणा, महिनाभर पुरेल असं. पण एक सांगते, त्यात कुणी मरता कामा नये."

मंडळी, मराठी कादंबरी, जुनी, जाड, आणि तिच्यात कुणी मरत नाही! आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात मी अशी मागणी केली तेव्हा तिथल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं असेल तर तुम्ही लोणच्या-मुरंब्यांचं पुस्तक घेऊन जा," त्या म्हणाल्या. शेवटी लाल कापडी बांधणीची एक कादंबरी मी वजनावर उचलली. एका पोस्टमास्तरांच्या कुटुंबाची गोष्ट होती. पोस्टखात्यात कोण मरणार, असा माझा हिशेब.

तिसऱ्याच प्रकरणात आजोबा अंथरुणाला खिळले.

आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांत एक सोय असते. आधीच्या वाचकांनी समासात पेन्सिलीने शेरे मारलेले असतात. 'छान!', 'असेच पाहिजे', 'लेखकाला दया नाही का?' मी वाचत होतो आणि चार ओळी खाली मला समासात ठळक 'अरेरे!' दिसलं. मी समजलो, आजोबा चालले. समोर वहिनी, मांडीत शेंगा, हात थांबलेले. विद्याचे डोळे माझ्यावर रोखलेले. मला घाम फुटला, थंडीत. आणि माझ्या तोंडून निघालं, "...आणि त्याच आठवड्यात हुकूम आला, आजोबांची झाशीला बदली झाली."

मग मिश्राइन चाची म्हणाल्या, "अस्सी बरस की उमर में ट्रांसफर? राम राम! ये सरकार बड़ी जालिम है." आणि पदर डोळ्यांना.

हे बदलीचं मला काही आभाळातून सुचलं नव्हतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतली माणसं. शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या पूर्वजांच्या तलवारी कधीच गंजल्या, मागे राहिली कचेरी. आमच्या घरात माणसावर कोसळणारं सगळ्यात मोठं संकट म्हणजे बदली, आणि बाकी सगळी संकटं त्याच्याच मापाने मोजायची. लहानपणी आमचा मोती कुत्रा मेला, तेव्हा वडिलांनी आम्हा दोघा भावांना सांगितलं की त्याची शिवपुरीला बदली झाली. दादाने विचारलं, "तिथे त्याला क्वार्टर मिळालं का?" वडील म्हणाले, "मिळालं, अंगणासकट." आम्ही निश्चिंत मनाने खेळायला गेलो. दुःखाला दुसऱ्या गावी पाठवून द्यायचं, ही आमच्याकडची रीतच होती.

तर त्या थंडीत मी सुटलो. कादंबरीत एक गाय मेली, तिला मी दतियाला पाठवली. एक विधवा आत्या गेली, ती मुरैन्याला. मग साथीचं प्रकरण आलं. त्या लेखकाने दहा पानांत अर्धा गाव मारला होता, आणि समास 'अरेरे'ने भरून गेलेला. मी एका दुपारी अख्खा वाडाच्या वाडा जबलपूरला हलवला, बायकामुलं, सामानसुमान, सगळं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं प्रशासकीय काम असेल.

"काए लल्ला," चाची म्हणाल्या, "जबलपुर में इतनी जगह है?"

विद्या तोंडात पदर कोंबून जिन्याकडे पळाली. आणि मला वाटलं, मी पाहिलं, की वहिनीच्याही ओठाचा एक कोपरा हलला. तेवढ्यावर मी किती खूश झालो म्हणून सांगू! त्या रात्री जेवताना सगळ्यांना जबलपूरची नक्कल दोनदा करून दाखवली.

मग पोस्टमास्तर विनायकराव मेले.

ते तर गोष्टीचा कणाच होते. पुस्तकाच्या बरोब्बर मध्यावर, सकाळच्या चहाच्या वेळी, काही कारण नसताना. समासात या वेळी कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी बेसावध सापडलो. वाक्य अर्ध्यावर असताना मला दिसलं की पुढे काय आहे, आणि मी विनायकरावांना धरून गाडीत बसवलं. "...सागरला बदली झाली. सरस्वतीबाई मागेच राहिल्या, मुलांच्या शाळेमुळे." सरस्वतीबाई म्हणजे त्यांची बायको.

फट्‌, फट्‌, शेंगा फुटत होत्या. मग वहिनी बोलली. त्या गच्चीवर, त्या थंडीतलं तिचं पहिलं वाक्य.

"तिथे त्यांना जेवायला कोण घालतं, भावजी?"

"खाणावळ आहे," मी म्हटलं.

"पत्र येतं का?"

"उद्याच्या भागात येतं," मी म्हटलं, आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकात नसलेलं पत्र वाचून दाखवलं. खाणावळीतली डाळ पातळ आहे, खोलीला पूर्वेची खिडकी आहे, शेजारी एक मास्तर आहेत ते घोरतात. वहिनीने ऐकलं, आणि त्या दुपारी परातीतले दाणे उचलून तोंडात टाकले. विद्याने माझ्याकडे पाहिलं. मग मी रोज पत्र आणायला लागलो. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला श्रोता मिळाला की तो शुद्धीवर नसतो. विनायकराव सागरला काय काय करायला लागले! वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायचे. वरणभातात तूप घातल्यावर मधोमध बोटाने खड्डा करायचे. चप्पल काढताना डावी नेहमी उलटी पडायची. मला हे कुठून सुचत होतं ते मला कळतच नव्हतं. ओठांवर येत होतं, मी सांगत होतो. चांगले आठ-दहा दिवस गेल्यावर एका रात्री दार लावताना मला दादाची चप्पल दिसली, कोपऱ्यात तशीच राहिलेली, आणि मला कळलं की सागरच्या पोस्टात मी कुणाला नोकरीला लावलंय.

वहिनीला ते पहिल्या पत्रापासून कळलेलं असणार. ती सगळ्यांच्या आधी गच्चीवर येऊन बसायला लागली. केस नीट विंचरलेले. जेवायला लागली. गौरीला मी फोनवर सांगितलं, "आई खरंच बरी आहे," आणि या वेळी विनोद सांगायची गरज पडली नाही. मग एक दिवस वहिनी राखाडी स्वेटरची टोपली घेऊन वर आली. "सागरला थंडी फार असते म्हणतात ना," ती म्हणाली, आणि बाहीचे टाके घालायला घेतले.

त्या संध्याकाळी विद्या माझ्यावर बरसली, आवाज न चढवता. "काय करून राहिलात तुम्ही हे? वहिनी वाट बघायला लागल्यात. कळतंय का तुम्हाला? आधी त्या जेवत नव्हत्या, ते परवडलं. आता त्या कुणाची तरी वाट बघतायत. संक्रांतीला पुस्तक संपेल. मग?"

मी आयुष्यभर समजत आलो होतो की गोष्ट म्हणजे गजक, तोंडात टाकली, विरघळली, चार घटका गोड झाल्या. ती माणसाच्या आत जाऊन अशी बिऱ्हाड थाटते, चूल पेटवते, हे मला माहीत नव्हतं. मी विचार करायला लागलो की विनायकरावांना आता परत कसं आणायचं. आणता येत नव्हतं. त्यांना मारायचं कसं, तेही जमत नव्हतं. मी त्यांची रजा नामंजूर करत राहिलो. दोनदा गाडी चुकवली. एकदा सागरच्या वाटेवर पूर आणला, जानेवारीत.

"जनवरी में बाढ़?" चाची म्हणाल्या. पण त्या रडल्या नाहीत. वहिनीकडे बघत राहिल्या.

भोगीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. शेवटची गोणी, शेंगा सुरकुतलेल्या, दाणे निबर. कोहरा दुपारपर्यंत हटला नव्हता आणि ऊन पातळ ताकासारखं. वहिनीने दुसऱ्या बाहीचा शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला, स्वेटर घडी करून बाजूला ठेवला. मग हात पुढे केला.

"पुस्तक इकडे द्या, भावजी."

"अगं, आज पत्र..."

"द्या."

तिने पानं मागे उलटली. शोधावं लागलं नाही तिला, जागा हाताला माहीत असल्यासारखी ती थांबली. "हे मी लग्नाच्या आधी वाचलंय," ती म्हणाली. "उज्जैनला. माडीवर बसून. तेव्हा रडले होते, आईने विचारलं होतं काय झालं म्हणून."

आणि तिने वाचायला सुरुवात केली. वहिनीचा आवाज काही माझ्यासारखा नाटकी नव्हता, शाळेत धडा वाचावा तसं सरळ वाचत होती. त्या पानावर तसं फार काही नव्हतं. सरस्वतीबाई दोन कप चहा ओततात. एक नवऱ्याला हाक मारून ठेवतात. तो येत नाही. त्या आत जातात, बाहेर येतात, आणि दुसऱ्या कपातला चहा परत पातेल्यात ओतावा की नाही ते न कळून कप हातात धरून उभ्या राहतात. बस, एवढंच. लेखकाने त्यांना रडवलंही नव्हतं.

वहिनी कपापर्यंत आली आणि तिचा आवाज गेला. ती ते वाक्य पुन्हा वाचायला गेली. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तिने डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं, लहान मुलगी मास्तरांकडे बघते तसं, आणि मग तिच्या आतून जो आवाज निघाला तो मी अजून विसरलेलो नाही. आषाढातला सगळा पाऊस त्या आवाजात होता. परात कलंडली. मटार सतरंजीभर घरंगळले, कुणी उचलले नाहीत. आणि मिश्राइन चाची, ज्या भाकरी थापली तरी रडायच्या, त्या एक थेंब न ढाळता उठल्या आणि वहिनीचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं. "हाँ बिन्नू, हाँ," लाडक्या लेकीला म्हणावं तसं एवढंच म्हणत राहिल्या.

ऊन गच्चीच्या टोकाला पोचलं, उतरलं. आम्ही सतरंजी सरकवली नाही.

नंतर, नाक पुसून झाल्यावर, चाची माझ्याकडे वळल्या. "लल्ला, हम तो पहले दिन से समझ गए थे. सागर में हमारा मायका है. वहाँ से चिट्ठी आने में हफ़्ता लगता है, तुम्हारी तो रोज आती थी."

आणि वहिनी हसली. रडता रडता, सुजलेल्या डोळ्यांनी. मग मला म्हणाली, "तुम्ही इतकं छान सांगत होतात, मला वाटलं, राहू दे अजून थोडे दिवस. पण रात्री झोप लागायची नाही हो. सागरला ते एकटे. पातळ डाळ, परकी खोली. बदली झालेलं माणूस कुठेच नसतं, भावजी. गेलेलं माणूस निदान घरी असतं."

मी पुष्कळ वेळा या वाक्यापाशी येऊन बसतो. दादाच्या चितेपाशी ती रडू शकली नाही आणि पोस्टमास्तराच्या चहाच्या कपापाशी रडली, असं का? मला वाटतं, दादा फार जवळ होता. त्याचा चष्मा टेबलावर होता, चप्पल दारात. एवढ्या जवळचं दुःख दिसतच नाही, डोळ्याला लागून धरलेल्या अक्षरासारखं. विनायकराव हातभर लांब होते. त्यांचे कपडे तिच्या कपाटात नव्हते. त्यांच्यासाठी रडायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि एकदा त्यांच्यासाठी दार उघडलं की मागून दादा आत येणार हे त्या दाराला माहीत होतं. पण नुसतं खरं पान पहिल्या दिवशी वाचलं असतं तर? कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित मधले ते सागरचे दिवस, ती खोटी पत्रं, तीही लागली असतील, अंगठ्याचं नख शेंगेत शिरायच्या आधी शेंग हातात थोडी फिरवावी लागते तशी. मला नक्की सांगता येत नाही. मी आपला नकला करणारा माणूस.

स्वेटर तिने मला दिला. "दादाच्या मापाचा आहे," मी म्हटलं. "बाह्या दुमडा," ती म्हणाली. दादाचे हात माझ्यापेक्षा लांब होते. तेव्हापासून दर थंडीत मी बाह्या दुमडतो आहे.

काल दुपारी आम्ही पुन्हा गच्चीवर बसलो. विद्या, मी, आणि गौरी, जी आता इथेच सिटी सेंटर भागात बँकेत आहे आणि सुट्टी म्हणून आली होती. मिश्राइन चाचींना दोन्हीकडून धरून वर आणलं. आता त्यांना ऐकू कमी येतं आणि दिसतं त्याहून कमी, पण शेंग हातात दिली की अंगठा चालतो. वहिनीची जागा आम्ही कुणी ठरवून सोडली नव्हती, ती तशीच सुटली. विद्याने लाल कापडी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. वाचनालयातून कधी आणलं तिने, देव जाणे.

"मी सोलतो ना आज," मी म्हटलं. "घसा बसलाय."

"काका, नाटक नको हं," गौरी म्हणाली. "माझ्याकडून मराठी फास्ट वाचली जात नाही, तुम्हाला माहितीये. आणि मी तेव्हा होस्टेलला होते, मैंने तो ये सुनी ही नहीं. वाचा."

मी वाचायला लागलो. रंग चढला. पोस्टातली धांदल, तिकिटांचा डिंक, आजोबांचा तापटपणा, सगळे आवाज काढले. गौरी हसून हसून आडवी. पानं उलटत गेलो, आणि समासात ते दिसलं, फिकट झालेलं, 'अरेरे!'

मी थांबलो. झाशी जिभेवर तयार होती. एवढी वर्षं म्हातारा झाशीलाच होता, की मीच त्याला तिथे ठेवला होता. सवयीने मी वहिनीच्या जागेकडे पाहिलं, तिथे ऊन पडलं होतं.

मग मी पुस्तकात होतं ते वाचलं. आजोबांनी पाणी मागितलं, सुनेने चमचा ओठांना लावला, आणि पाणी आत गेलं नाही. साधी तीन वाक्यं. तिसरं मला दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना. काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून न्यावी म्हणून तोंड उघडलं तर आतून निघाला तो विनोद नव्हता.

चाचींनी मान वळवली. "काए लल्ला? क्या हुआ? ट्रांसफर हो गया?"

"नहीं चाची," मी म्हटलं. "भाभी चली गई."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली, चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "हाँ बेटा," त्या म्हणाल्या. "बहुत देर लगाई तूने."

मी स्वेटरच्या बाहीत तोंड घातलं. बाही उलगडली आणि बोटांच्याही खाली आली. किती वेळ, मला माहीत नाही. कठड्यावरच्या रजया गार झाल्या होत्या, कोहरा पुन्हा किल्ल्याकडून उतरत होता, आणि गौरीने माझ्या मांडीवरून पुस्तक कधी उचललं ते मला कळलं नाही. ती वाचत होती. एकेक अक्षर लावत, जोडाक्षरांना ठेचकाळत, मध्येच हिंदी हेल काढत. विद्या तिला चुकलं की सांगत होती. आजोबांना पोचवून माणसं घरी आली होती, ओट्यावर पाय धूत होती.

विनायकराव अजून आहेत. तिकिटं मोजतायत, बायकोवर चिडतायत. त्यांचं पान यायला अवकाश आहे, आणि शेंगाही भरपूर आहेत. येईल तेव्हा येईल. या खेपेला त्यांना कुठेही पाठवायचं नाही, असं मी ठरवलंय. घरीच ठेवायचं.